पाचशेचं टाका

मोटारीच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात जा, काउंटरवर छोट्या बाटल्यांची एक रांग असते. टाकीत ओता आणि विसरा. इंजेक्टर साफ, पंप साफ, धूर गायब, ॲव्हरेज वाढलं... एवढ्या व्याधींवर एकच औषध मी याआधी फक्त एस.टी. स्टँडवर विकताना पाहिलंय. :-)

मला या बाटल्यांचा राग नाही. त्यातली एक मी वापरलीसुद्धा, कुठे आणि कशी ते पुढे येईलच. पण जुन्या डिझेल गाडीची इंधनयंत्रणा घरी साफ करायची म्हणजे बाटली ओतायची, असं जे समीकरण झालंय ते मला पटत नाही. बाटली हा शेवटून दुसरा टप्पा. पहिला टप्पा म्हणजे तळाशी काय साचलंय ते डोळ्यांनी बघणं, आणि त्याला जेमतेम शून्य रुपये लागतात. गेल्या पावसाळ्यानंतर माझे दोन विकांत यात गेले. त्याची ही हकीकत. ज्यांना नट-बोल्टात रस नाही त्यांनी मधले काही परिच्छेद गाळून वाचलं तरी चालेल, मी रागावणार नाही.

तर आधी पात्रपरिचय. गाडी २००५ ची इंडिका, डिझेल. पिंपरीत जन्मली, कराडात नांदते. इंडिका १९९८ च्या डिसेंबरात बाजारात आली आणि २०१८ मध्ये तिचं उत्पादन बंद झालं, म्हणजे आमची गाडी आता माहेर नसलेली सासुरवाशीण आहे. मालक बाबा, वय ७४. लायसन्स रीतसर पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेलं, डोळे तपासलेले. आठवड्यातून दोनदा आईला गुडघ्याच्या व्यायामासाठी दवाखान्यात न्यायचं, एकदा शेतावर चक्कर मारायची, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा पुण्याला आमच्याकडे यायचं, एवढाच गाडीचा वापर. बाकीचे दिवस ती अंगणात पत्र्याच्या शेडखाली उभी.

मी आणि ताईने मिळून एक छोटी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घेऊन द्यायचा प्रस्ताव तीन वेळा मांडला. तिन्ही वेळा बाबांचं उत्तर एकच : "मला या वयात नवीन गाडीशी ओळख करून घ्यायची नाही." यात हट्ट आहे, पण नुसता हट्ट नाही. या गाडीचा क्लच कुठे पकडतो हे त्यांच्या पायाला माहितीय. ही गाडी गेली तर बाबा दुसरी चालवणार नाहीत, ते चालवणंच सोडतील. मग दवाखान्याला रिक्षा, शेतावर जायला कुणाच्या तरी मिनतवाऱ्या. आम्ही पुण्यात बसून 'बाबा, ॲपवरून गाडी मागवा ना' म्हणणार. सगळं चित्र मला दिसत होतं.

आणि अशात ऑक्टोबरमध्ये गाडी खंबाटकीच्या चढावर मेली.

आई-बाबा दोघंच पुण्याहून परत निघाले होते. चढ लागल्यावर गाडीचा जोर हळूहळू गेला, ॲक्सिलरेटर दाबला तरी काही नाही, मग आचके, मग बंद. मागे ट्रकांची रांग. बाबांनी फोन केला तेव्हा त्यांचा आवाज शांत होता, पण मागून येणारे हॉर्न मला ऐकू येत होते. दहा-पंधरा मिनिटांनी गाडी आपोआप सुरू झाली आणि काहीच न घडल्यासारखी कराडपर्यंत गेली. पुढच्या फेरीला तेच. तिसऱ्यांदा झालं तेव्हा घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ताईचा मेसेज आला : "आता पुरे. विकून टाका." चूक काय म्हणणार तिला? घाटात बंद पडणाऱ्या गाडीत मी तरी आई-बाबांना कसा बसवू?

पुण्यातल्या एका मोठ्या वर्कशॉपात गाडी दाखवली. लॅपटॉप, चकचकीत टाइल्स, कॉफी मशीन. दोन तासांनी एस्टिमेट हातात : पंप ओव्हरहॉल, चारही नोझल नवीन, मजुरी, एकूण ३८ हजार. गाडी विकायला काढली तर जेमतेम याच्या दीडपट मिळतील. बॉनेट उघडून पाहिलं तर डिझेल फिल्टरवरचा धुळीचा थर जशाचा तसा. म्हणजे सगळ्यात स्वस्त पार्टला कुणी हातही लावला नव्हता आणि सगळ्यात महाग पार्ट बदलायचा निर्णय झाला होता. आमच्या धंद्यात याला 'सर्व्हर बदला, स्लो चाललाय' म्हणतात. :-)

इथे थोडी शाळा घेतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो. आपल्या इंडिकासारख्या जुन्या इनडायरेक्ट इंजेक्शन इंजिनात हवा वीस-बावीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की त्यात डिझेलचा फवारा मारला की तो आपसूक पेटतो. सगळी करामत त्या फवाऱ्यात. जुन्या नोझल साधारण १३० बारच्या आसपास उघडतात, म्हणजे तुमच्या गाडीच्या टायरमध्ये असते त्याच्या साठ पट दाब. एवढा दाब तयार करणाऱ्या पंपाच्या आतल्या भागांमधली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा. आणि या पंपाला वंगण कोण देतं? डिझेलच. वेगळं ऑईल नाही. म्हणजे डिझेल हे इंजिनाचं अन्न आणि पंपाचं तेल अशी दोन्ही कामं करतं. त्यात पाणी किंवा बारीक घाण आली की अन्न तर नासतंच, पण पंप कोरडा घासला जातो आणि एक दिवस खरोखर ३८ हजारांचं काम निघतं.

आता डिझेलचा प्रवास बघा. टाकी, टाकीतली जाळी, गाडीच्या पोटाखालून येणारा पाईप, फिल्टर, पंप, चार नोझल. पंप इंजिनाला लागतं त्यापेक्षा बरंच जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं दुसऱ्या पाईपने टाकीत परत पाठवतो. या रांगेत दोष कुठेही असला तरी ड्रायव्हरला एकच गोष्ट कळते : गाडी ओढत नाही. मग अंदाज सुरू होतात. आमच्या केसमध्ये 'दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू' हे लक्षण टाकीतली जाळी तुंबल्याचं असू शकतं, कारण ओढ थांबली की जाळीला चिकटलेला गाळ खाली पडतो. पण झिजलेला पंपही गरम झाल्यावर असंच नाटक करतो आणि गार झाला की शहाण्यासारखा वागतो. म्हणजे लक्षणांवरून दोघंही आरोपी. अशा वेळी वाद घालण्यापेक्षा चाचणी लावावी.

पहिली चाचणी हॉर्लिक्सच्या रिकाम्या बाटलीची. फिल्टरच्या बुडाशी पाणी काढायचा एक छोटा स्क्रू असतो. तो सैल करून पेलाभर द्रव स्वच्छ काचेच्या बाटलीत घेतला आणि बाटली रात्रभर ओट्यावर ठेवली. आईने सकाळी चहा करताना विचारलं, "हे काकवीसारखं काय आहे?" वर पिवळसर डिझेल, मध्ये एक काळपट साय, आणि खाली तीन बोटं पाणी. साधं पाणी. डिझेलपेक्षा पाणी जड, म्हणून ते तळाला बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात, ती काळी साय त्यांचीच. एवढा पुरावा शून्य रुपयांत मिळाला. ज्यांच्याकडे पाणी काढायचा स्क्रू असलेली जुनी डिझेल गाडी आहे त्यांनी निदान हा प्रयोग तरी करावा.

पुढे जाण्याआधी सुरक्षिततेचं. डिझेल पेट्रोलसारखं भडकत नाही म्हणून लोक त्याला गरीब समजतात. भारतीय मानकाप्रमाणे डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश असावा लागतो. विदर्भात मे महिन्यात सावलीतसुद्धा पारा त्याच्या पुढे असतो. तेव्हा काम उघड्यावर, सकाळी, विडी-काडी लांब, आणि अग्निशामक नळकांडं हाताशी. हातमोजे आणि चष्मा. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर नाही, खाली स्टँड लावून. आणि पुसायला कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे सुटतात आणि तुम्हीच नवीन कचरा आत घालता. आईची जुनी सुती साडी उत्तम. (परवानगी घेऊन. हा मुद्दासुद्धा सुरक्षिततेतच येतो.)

दुसरी चाचणी मला सगळ्यात आवडली, कारण ती शुद्ध डीबगिंग आहे. साखळी मोठी असेल तर ती मधोमध तोडायची आणि दोष कुठल्या बाजूला आहे ते बघायचं. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घेतला, त्यात ताजं डिझेल भरलं, बॉनेटशेजारी स्टुलावर उंचावर ठेवला. पंपाला येणारा पाईप टाकीपासून सोडवून कॅनमध्ये, परतीचा पाईपही कॅनमध्ये. दोन्हींसाठी पारदर्शक नळी वापरली, म्हणजे आतून काय वाहतंय ते दिसतं. गाडी उभीच ठेवायची, असला कॅन लावून रस्त्यावर जायचं नाही.

आधी गाडी तिच्या स्वतःच्या टाकीवर चालवून पाहिली, फक्त मध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडून. आयडलला ठीक. बाबा ड्रायव्हर सीटवर, आरपीएम तीन हजारच्या आसपास धरलेला. पंप किती डिझेल ओढतो ते मुख्यतः वेगावर ठरतं, त्यामुळे उभ्या गाडीतही घाटासारखी ओढ तयार करता येते. पाचव्या मिनिटाला नळीत बुडबुडे दिसायला लागले. आठव्या मिनिटाला आवाज बदलला. बाबा खिडकीतून ओरडले, "हाच! घाटात असाच आवाज झाला होता!" मग तेच सगळं कॅनवर. पाच मिनिटं, दहा मिनिटं, वीस मिनिटं. नळीत एक बुडबुडा नाही, इंजिन शिवणयंत्रासारखं एकसुरी. पंप तापला होता, तरी त्याने कुरकूर केली नाही. म्हणजे घाटात गाडी पंपामुळे मरत नव्हती. दोष पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला.

बुडबुड्यांबद्दल एक गंमत सांगायची राहिली. टाकीपासून पंपापर्यंतचा पाईप डिझेल ओढणारा असतो, त्यात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे तिथे रबरी पाईप तडकला किंवा क्लिप सैल झाली तर बाहेर एक थेंबही गळत नाही. उलट हवा आत जाते. जमीन कोरडी, पाईप कोरडा, आणि तरी गळती आहे! यालाच आपले मिस्त्री 'गाडीनं एअर घेतली' म्हणतात. आमच्या गाडीत फिल्टरपाशीचे दोन रबरी तुकडे वीस वर्षांनी काडीसारखे कडक झाले होते. बोटाने वाकवले तर तडे दिसले. अडीचशे रुपयांत नवे पाईप आणि क्लिपा.

मग टाकी. हे एकट्याचं काम नाही. गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावलं, उरलंसुरलं डिझेल उपसून घेतलं, टाकी खाली उतरवली. आतून जाळी काढली तर ती जाळी आहे हे ओळखू येईना, चिखलात पडलेल्या गाळणीसारखी दिसत होती. टाकी साफ करताना पाणी वापरायचं नाही, दोन-तीन लिटर ताजं डिझेल घालायचं, हलवायचं, ओतायचं. चौथ्या वेळी डिझेल जसं आत गेलं तसं बाहेर आलं. पाईप दोन्ही टोकांनी सुटा करून टाकीच्या दिशेने हवा मारली, नाहीतर सगळी घाण फिल्टरकडे ढकलली जाते. नवीन फिल्टर. निघालेलं घाण डिझेल गटारात नाही ओतलं, कॅनमध्ये भरून मिस्त्रींच्या जुन्या ऑईलच्या पिंपात गेलं.

सगळं जोडल्यावर यंत्रणेत हवाच हवा असते, ती काढावी लागते. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप दाबत राहायचं, फेस थांबून सलग डिझेल यायला लागलं की स्क्रू बंद. हे काम बाबांनी माझ्या हातातून काढून घेतलं. आमच्या विहिरीवर किर्लोस्करचं ऑईल इंजिन होतं, हँडल मारून सुरू करायचं. बाबा आठवीत असल्यापासून त्याची एअर काढत आलेत. स्टार्टर दोनदा फिरवला, तिसऱ्यांदा गाडीने आवाज दिला. बाबा काही बोलले नाहीत, पण त्यांनी उगाचच एकदा ॲक्सिलरेटर दाबला. :-)

इथे थांबलो असतो तर गाडी सहा महिन्यांनी पुन्हा घाटात मेली असती. कारण खरा प्रश्न बाकीच होता. एवढं पाणी आलं कुठून?

पुस्तकी उत्तर असं की टाकी रिकामी असली की आतल्या हवेतली वाफ थंडीत गार होते आणि पाणी साचतं. खरं आहे, पण त्याने चमच्या-चमच्याने पाणी जमेल. आमच्या टाकीतून तांब्याभर निघालं होतं. मी टोपण उघडून बघत होतो. आतलं रबरी वॉशर चपटं झालेलं, एका जागी चिरलेलं. बाबांनी ते हातात घेतलं, शेडच्या पत्र्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "पन्हळीची धार इथंच पडते." खरंच. गाडीची मागची बाजू शेडच्या बाहेर येते, आणि पन्हळ बरोबर डिझेलच्या टोपणावर. कित्येक पावसाळे ती धार तिथे पडत होती. 

आणि मग दुसरी गोष्ट माझ्या लक्षात आली, ती बोलायला जरा अवघड होती.

बाबा पेट्रोल पंपावर गेले की एकच वाक्य बोलतात : "पाचशेचं टाका." गाडी घेतली तेव्हापासून. २००५ मध्ये पाचशे रुपयांत चौदा-पंधरा लिटर डिझेल यायचं, टाकी निम्म्याजवळ जायची. आज पाचशेत साडेपाच लिटर येतं. बाबांची सवय एका पैशानेही बदलली नाही, आणि नेमकं त्यामुळेच टाकी वर्षागणिक रिकामी होत गेली. भरपूर डिझेल असताना तळाचं थोडं पाणी तळाशी गप्प बसतं. तळाला चार-पाच लिटरच असेल तर चढावर सगळं हिंदकळतं आणि पाणी, गाळ, डिझेल यांचा काला जाळीपाशी येतो. म्हणून दवाखान्याच्या सपाट रस्त्यावर गाडी गुणी आणि घाटात आडमुठी. बाबांनी काहीच नवीन केलं नव्हतं. महागाईने त्यांच्या सवयीचा अर्थ बदलला होता.

हे बाबांना कसं सांगायचं? ज्या माणसाने महिन्याचा हिशेब पाचशेच्या हिश्शांत बसवून दोन मुलांची शिक्षणं केली, त्याला 'बाबा, टाकी फुल करत जा' म्हणणं पगारदार पोराच्या तोंडी शोभत नाही. मी हॉर्लिक्सची बाटली ओट्यावरून उचलून अंगणातल्या कट्ट्यावर ठेवली आणि टाकीत काय होतं ते कागदावर काढून दाखवलं. दोन रेघा, एक सपाट रस्त्याची, एक चढाची. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "म्हणजे पाचशेचं डिझेल आता पाचशेचं राहिलं नाही." एवढंच.

दुसऱ्या विकांताला बाटली आली. तो इंजेक्टर क्लीनर भरल्या टाकीत ओतला की चाळीसेक लिटरमध्ये विरून जातो. त्यापेक्षा तोच कॅनचा जुगाड पुन्हा लावला, कॅनमध्ये नुसता क्लीनर, दोन्ही नळ्या त्यात बुडालेल्या, आणि इंजिन अर्धा तास त्यावरच चालवलं, कधी आयडल, कधी थोडं वर. कॅन कोरडा पडू द्यायचा नाही, कारण पंपाचं वंगण तेच आहे. सुरुवातीला पारदर्शक असलेला द्रव परत येताना चहासारखा झाला. पण क्लीनर काय करतो हे समजून घ्या. तो चिकटा आणि कार्बन काढतो. झिजलेलं परत भरून देत नाही. आमचं इंजिन सुधारलं, पण आयडलला किंचित लंगडतच राहिलं.

इथे घरची हद्द संपली. मिस्त्रींनी चारही इंजेक्टर उतरवले, मी ते स्वच्छ फडक्यात गुंडाळून पंपरूमवाल्या चाचांकडे नेले. जुनी माणसं अजून 'मायकोचा पंप' म्हणतात त्यांतले चाचा. मायकोचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, चाचांच्या तोंडातलं बदललेलं नाही. त्यांच्याकडे हाताने दाबायचं एक यंत्र, त्यावर दाबाचा काटा. दांडा दाबला की चांगली नोझल कुर्र करून धुक्यासारखा फवारा मारते. दोन नोझलनी धुकं सोडलं. तिसरीने पिचकारी मारली, चौथी नुसती टपकली. चाचा म्हणाले, "दोन चांगल्या आहेत, त्यांना कशाला काढताय? दोनच बदला." कॉफी मशीन नसलेल्या दुकानात हे वाक्य ऐकायला मिळालं, याची नोंद घ्यावी. बसवताना खालचे तांब्याचे वॉशर मात्र चारही नवे.

एक कळकळीची सूचना. चालू इंजेक्टरच्या फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका. तो कातडीत सुईसारखा घुसतो, जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, आत डिझेल पसरलेलं असतं आणि थेट ऑपरेशनची वेळ येते. आणि तुमची डिझेल गाडी कॉमन रेलवाली असेल, म्हणजे गेल्या पंधरा-अठरा वर्षांतली बहुतेक, तर तिथे दाब दीड हजार बारच्या वर जातो. त्या गाडीत फिल्टरच्या पुढे घरी पाना लावू नका. हॉर्लिक्सचा प्रयोग करा, फिल्टर बदला आणि बाकीचं जाणकाराकडे सोपवा.

अजून एक सल्ला हमखास मिळतो : नव्या डिझेलमध्ये सल्फर नाही, पंप कोरडा पडेल, टू-टी ऑईल घाला. सल्फर कमी झालाय हे खरंय. बीएस-३ मध्ये ३५० पीपीएम होता, एप्रिल २०२० पासून देशभर १०. पण मानकात वंगणक्षमतेचीही अट आहे आणि ती पूर्ण करूनच डिझेल पंपावर येतं. मी काही घातलेलं नाही.

हिशेब : फिल्टर, पाईप, टोपण, क्लीनर, वॉशर, नोझलची तपासणी, दोन नोझल आणि धुवायला लागलेलं डिझेल धरून साडेचार हजारांच्या आत. मिस्त्रींची मजुरी वेगळी, ती त्यांनी आईच्या पुरणपोळ्यांसकट घेतली. पीयूसीला धुराचा आकडा ६१ वरून ३४ वर आला. आमच्या गाडीला मर्यादा ६५ ची आहे, म्हणजे आधी आम्ही पास होत होतो ते काठावर. पन्हळीला एक कोपर लावून धार पलीकडे वळवली. आणि बाबा डिसेंबरात आईला घेऊन पुण्याला आले आणि परतही गेले. घाट चढून वर गेल्यावर त्यांचा मेसेज आला, त्यात एकच शब्द होता : "चढली."

ताईचं म्हणणं मात्र मी खोडून काढलेलं नाही. ती परवाही म्हणाली, "गाडी सुधारली, पण बाबांचं वय?" बरोबर आहे. २०२५ मध्ये रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून घेतलंय, तेव्हा बाबा ७८-७९ चे असतील. एक दिवस किल्ली ठेवायची वेळ येणार, आणि ती आली की आम्ही दोघं मिळून त्यांच्याशी बोलणार आहोत. ते संभाषण सोपं नसेल. पण ते बाबांचे डोळे काय म्हणतात, गुडघे काय म्हणतात, रात्रीच्या उजेडात त्यांना किती दिसतं, यावर व्हावं. एका चिरलेल्या रबरी वॉशरमुळे आणि ते न पाहता लिहिलेल्या एस्टिमेटमुळे होऊ नये.

असो. तुमच्या घरी अशी एखादी म्हातारी डिझेल गाडी असेल तर पुढच्या शनिवारी एक काचेची बाटली शोधून ठेवा. आणि घरात कुणी वर्षानुवर्षं 'पाचशेचं टाका' म्हणत असेल, तर त्यांना एकदा विचारा की आता त्यात किती लिटर येतं.